दोन फळ्यांचं दार

माझा हुद्दा मान्य परीक्षक. म्हणजे यंत्राने ओळखायचं आणि त्याने ओळखलं यावर मी सही करायची. दिवसाला सत्तर-ऐंशी सह्या होत. २०३९ साली माझ्या उजव्या मनगटाला पट्टा लागला, तेव्हा रजेच्या अर्जात ते 'व्यावसायिक दुखणं' म्हणून मंजूरही झालं.

यंत्राचं नाव 'परिचय'. काचपट्टी आत सरकवली की ते चाळीस पातळ्यांवर फोटो काढतं आणि चार मिनिटांत पट्टीवरच्या एकूण एक सूक्ष्मजीवाश्माचं नाव सांगतं. पूर्वी हेच काम माणूस तीन दिवस करायचा आणि शेवटी नावामागे 'बहुधा' लिहायचा. परिचय 'बहुधा' लिहीत नाही, टक्के लिहितो. टक्के दिसले की फायलीवर बसलेल्या माणसालाही आपल्याला भूशास्त्र कळतं असं वाटू लागतं, आणि फाइल हलते.

या जीवाश्मांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं त्यांच्यावरून आहेत. डायनोफ्लॅजेलेट हा समुद्रात तरंगणारा एकपेशीय जीव. त्याला चाबकासारख्या दोन शेपट्या असतात, त्यांच्या जोरावर तो गरगरत पोहतो. दिवस वाईट आले की त्यांच्यातले काही जण स्वतःभोवती टणक कवच बांधतात आणि तळाशी जाऊन झोपतात. या कवचाला आम्ही पुटी म्हणतो. दिवस बरे आले की पुटीला ठरलेल्या जागी दार उघडतं, जीव बाहेर पडतो आणि परत येत नाही. राहतं ते रिकामं घर. त्याची भिंत इतकी चिवट की खडक विरघळवणारं आम्लही तिचं काही करू शकत नाही. आम्ही खडक आम्लात घालतो, खडक जातो, घरं उरतात. एका मिलिमीटरात अशी वीस घरं ओळीने मावतील.

कुठल्या काळात कुठली घरं बांधली जात होती हे माहीत असलं, की घर बघून त्याभोवतीच्या चिखलाचं वय सांगता येतं. आणि घर ओळखायचं ते मुख्यतः दारावरून. दार कुठे आहे, किती फळ्यांचं आहे, उघडल्यावर गळून पडलं की लटकत राहिलं.

हे ज्ञान जगात फार थोड्यांना लागतं. २०४१ साली मात्र ते आमच्या रत्नागिरीला लागलं. किनाऱ्यापासून साठ किलोमीटरवर, समुद्रतळाच्या खाली, कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड पुरायचा प्रकल्प होता. खाली सच्छिद्र वाळूखडक, त्यात वायू भरायचा. वर चिकणमातीचा जाड थर, ते झाकण. आठ विहिरी खणून आठही ठिकाणी झाकण लागलं होतं. आता ते आठ ठिकाणचं झाकण एकच आहे की नाही, एवढंच ठरायचं होतं. एक डिसेंबरपासून वायू भरायला सुरुवात होणार होती. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या.

सप्टेंबरच्या मध्यावर पाचव्या विहिरीची पट्टी माझ्यासमोर आली. परिचयचं म्हणणं: कोंकणोस्फेरा सुलभाए, दोनशे बारा नग, खात्री शहाण्णव टक्के. बाकी सात विहिरींत हेच होतं. म्हणजे एकच वय, एकच थर, एकच झाकण. मी पेन उघडलं.

सही करण्यापूर्वी परीक्षकाने पट्टी एकदा स्वतः पाहावी असा नियम आहे. तो कोणी पाळत नाही. मीही पाळत नव्हते. त्या दिवशी सर्व्हर बंद होता आणि चहा यायला वेळ होता, म्हणून पाहिली.

एक पुटी कुशीवर पडली होती. तिचं दार उघडं होतं आणि त्याला दोन फळ्या होत्या. एक गळायच्या बेतात, दुसरी लटकलेली.

सुलभाएच्या दाराला एकच फळी असते. हे मला माझं स्वतःचं नाव माहीत आहे तसं माहीत होतं.

बाकीच्या दोनशे अकरा उताण्या पडल्या होत्या. दार असतं पाठीला, त्यामुळे ते खाली. भिंत जाड आणि तपकिरी, आरपार काही दिसत नाही. परिचयलाही दिसलं नव्हतं. त्याने काटे मोजले होते, रंग पाहिला होता आणि शहाण्णव टक्के दिले होते.

पट्टीवरच्या पुट्या राळेत पक्क्या बसवलेल्या असतात, हलत नाहीत. पण कुपीत थोडा गाळ शिल्लक होता. मी त्याचा थेंब ग्लिसरिनमध्ये घेतला आणि कपाटातून काडी काढली. आगपेटीची काडी, तिच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा एक केस. पुटी उलटी करायला यापेक्षा बरं हत्यार अजून निघालेलं नाही. डोक्याचा केस जाड पडतो, मांजराचा वाकतो. केस स्वतःचाच वापरायचा, अशी आमच्याकडे रीत होती, कारण दुसऱ्याकडे पापणीचा केस मागायला संकोच वाटतो.

पाच दिवसांत मी पाचव्या विहिरीतल्या तीनशे पुट्या वळवून पाहिल्या. ज्यांचं दार उघडलेलं होतं त्या सगळ्या दोन फळ्यांच्या. मग दुसऱ्या विहिरीतल्या तीनशे. सगळ्या एका फळीच्या. सातव्या विहिरीत खडकाचा गाभा सलग होता. त्यात खालच्या मातीत एक फळी, वरच्या नव्वद मीटरांत दोन. एकही सरमिसळ नाही.

म्हणजे पाचव्या विहिरीतली माती ते झाकण नव्हतीच. मूळ झाकण तिथे कधीतरी एखाद्या समुद्राखालच्या घळीने कापून नेलं होतं, आणि ती घळ पुढे चाळीसेक लाख वर्षांनी वाळूमिश्रित चिखलाने भरली होती. झाकणाला भोक होतं आणि त्याला बूच होतं ते सैल मातीचं. वायू भरला असता तर काही स्फोट वगैरे झाला नसता. तो हळूहळू वर आला असता, त्या टापूतलं पाणी आंबट झालं असतं, शिंपल्यांची कवचं पातळ झाली असती, आणि मासळी का कमी झाली यावर एक अभ्यासगट नेमला गेला असता.

*

यशोधन सुर्वे हा परिचयचा संचालक. चौदा वर्षांपूर्वी तो आमच्या संशोधन केंद्रात प्रकल्प सहायक होता. आम्लात हात न घालता खडक कसा विरघळवायचा हे मी त्याला शिकवलं. आता त्याच्या केबिनमध्ये दोन कुंड्या आणि एक सोफा आहे.

त्याने माझे फोटो पाहिले. सगळे पाहिले. मग उठून दार लावलं.

"मॅडम, परिचयला हे का कळलं नसेल?"

"त्याला शिकवणाऱ्याला कळलं नव्हतं म्हणून."

"शिकवलं कोणी?"

"मी."

त्यालाही ते माहीत होतं. २०२७ साली परिचयला शिकवण्यासाठी नऊ हजार फोटो लागले, आणि त्या प्रत्येकावर नाव घालायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर फोटो यायचा, खाली नावांची यादी. नाव निवडल्याशिवाय पुढचा फोटो येत नसे. यादीत 'माहीत नाही' असा पर्याय नव्हता. ज्यांचं दार दिसत नव्हतं अशा अकराशे चाळीस पुट्या निघाल्या. काटे सुलभाएसारखे होते. मी सुलभाए निवडलं आणि पुढे गेले. अकराशे चाळीस वेळा पुढे गेले.

"तो फॉर्म माझा होता," यशोधन म्हणाला. "तुम्ही फोनही केला होतात. रिकामं ठेवता येईल का म्हणून. मी म्हटलं, नाही येणार, जवळचं काहीतरी टाका."

"निवडलं मीच ना?"

"तुम्ही काय करणार आहात?"

"नवीन प्रजाती म्हणून वर्णन छापणार. प्रकल्पाला मंजुरी देणारी समिती शंकेची नोंद घेत नाही, पण छापलेल्या नावाची घ्यावी लागते. तुमच्याच नियमावलीत आहे."

"पण नव्वद टक्क्यांच्या वर जुळणी असली तर नवं नाव धरत नाहीत. हेही नियमावलीतच आहे."

"जुळणीचा आधारच चूक आहे असं दाखवलं तर धरतात. पोटनियम चार."

त्याला पोटनियम चार माहीत होता. त्यानेच लिहिला होता. "म्हणजे तुम्ही छापणार, की ते अकराशे चाळीस फोटो तुम्ही दार न बघता ओळखलेत."

"हो."

"त्या दिवशी तुमची मान्यता जाईल, मॅडम. आणि आजवर परिचयने दाखला दिलेल्या दोनशे विहिरी पुन्हा उघडतील. माझं काय होईल ते सोडा." त्याने सोडा म्हटलं, पण सोडलं नव्हतं. "असं करू. मी पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती करतो. मार्चपर्यंत. तुम्ही फक्त ही पट्टी सही न करता ठेवा. आजारी पडा."

"सही नाही आली तर दुसरा परीक्षक करेल. मार्चपर्यंत चार महिने वायू भरून होईल."

"इतका वायू चार महिन्यांत वर येत नाही."

"नाही. वर यायला वेळ लागतो. परत खाली जात नाही, एवढीच अडचण आहे."

तो सोफ्यावर बसला. तो सोफा पाहुण्यांसाठी होता, मी खुर्चीवर होते. "तुम्ही मला चूक कबूल करायला कधी शिकवलं नाहीत," तो म्हणाला.

"मलाही कोणी शिकवलं नव्हतं. चाललंय तसं."

*

नवी प्रजाती मांडायची तर जुनीचा मूळ नमुना पाहावा लागतो. प्रत्येक प्रजातीचा जगात एकच मूळ नमुना असतो, एक पुटी, एका पट्टीवर. नाव त्या एका पुटीला बांधलेलं असतं. बाकीच्या कोट्यवधी पुट्या तिच्यासारख्या दिसतात म्हणून ते नाव लावतात.

सुलभाएचा मूळ नमुना तेरवाडकर सरांनी १९८९ साली बसवला होता. सर माझे मार्गदर्शक, वय शहाऐंशी, कोल्हापुरात मुलीकडे राहतात. सुलभा म्हणजे त्यांच्या पत्नी. प्रजातीचं चित्र पाहून काकूंनी विचारलं होतं, "इतके काटे?" त्यावर सरांनी काय उत्तर दिलं ते शोधनिबंधात नाही.

मी त्या मूळ नमुन्याची पट्टी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन कोल्हापूरला गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही, याचा अर्थ ते चिडले होते.

"अकराशे चाळीस," ते म्हणाले.

"हो सर."

"माझ्या हाताखाली असतीस तर तेव्हाच हाकललं असतं."

"तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात."

"म्हणून तर." ते पट्टीकडे वळले. "हा उताणा पडलाय. काटे चांगले दिसत होते म्हणून हाच निवडला. दार मी दुसऱ्या पुट्यांवर पाहिलं. याचं नाही पाहिलं."

मला हे नवीन होतं. निबंधात चित्र अगदी स्वच्छ होतं, एका फळीचं दार.

"म्हणजे याला दोन फळ्या निघाल्या तर," मी म्हटलं, "सुलभाए हे नाव पाचव्या विहिरीतल्या पुट्यांकडे जाईल. आणि तुम्ही आयुष्यभर जिला सुलभाए म्हणालात ती बिननावाची होईल."

"ते मला कळतं. नियम मीच शिकवले तुला. वळव."

"जुनी पट्टी आहे, राळेऐवजी जेलीत बसवलेली. ती वितळवावी लागेल, सर. पुटी फुटली तर जगात दुसरी नाही. तुमची लेखी संमती हवी."

"कागद आण."

त्यांनी सही केली. मुलीने स्वयंपाकघरातून गरम पाण्याचं पातेलं आणून दिलं आणि काय चाललंय हे न विचारता दाराशी उभी राहिली. काचेच्या कडांना बावन्न वर्षांपूर्वीचं लाल नेलपॉलिश होतं. त्या काळी पट्टी हवाबंद करायला तेच वापरायचे.

"ते तिचंच आहे," सर म्हणाले. "सगळं काढू नकोस. एका बाजूचं काढ."

मी एका बाजूचं काढलं. पातेल्यावर उलटं झाकण, झाकणावर पट्टी. जेली पातळ झाली. मी काचेखाली केस सरकवला आणि श्वास धरला. पुटी एकदा डगमगली, काट्यांवर तोलली आणि उलटली.

मी बाजूला झाले. नमुना त्यांचा होता, आधी त्यांनी बघायचा. त्यांना डोळा लावायला वेळ लागला. चष्मा काढला, परत घातला, परत काढला.

"एक," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. "आहे तशीच आहे."

जाताना मला म्हणाले, "खरं म्हणजे दोन फळ्या असतील तर घराणंच वेगळं धरायला हवं. पण एका वेळी एकच भांडण कर."

*

वर्णन तीन आठवड्यांत लिहिलं. यात शौर्य काही नाही. व्यास किती, भिंत किती जाड, काटे किती आणि टोकाला फुटलेले की सरळ, दाराला फळ्या किती, कुठल्या विहिरीत किती खोलीवर. मूळ नमुना केंद्राच्या संग्रहात जमा, पट्टीवरची जागा अशी अशी. नाव कोंकणोस्फेरा दोनफळी. लॅटिनच हवं असं काही नाही, आणि लॅटिन मला येत नाही.

अकराशे चाळीस फोटोंचा परिच्छेद मात्र सात वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात 'काही नमुन्यांच्या बाबतीत ओळख अनिश्चित राहिली' असं होतं. ते वाक्य कोणीच केलेलं नव्हतं, राहिली म्हणजे आपोआप राहिली. सातव्या मसुद्यात लिहिलं: 'या लेखिकेने दार न पाहता नाव दिले. ते चूक होते.' मग पाठवून दिलं, कारण आठवा मसुदा पुन्हा पहिल्यासारखा होऊ लागला होता.

नावांचे जागतिक नियम यंत्राच्या आधीचे आहेत. त्यांना यंत्राची परवानगी लागत नाही. वर्णन, चित्र, जमा केलेला नमुना आणि छापलेला कागद, एवढं पुरतं. दीडशे प्रती निघणाऱ्या एका त्रैमासिकाने निबंध घेतला. नोव्हेंबरच्या सात तारखेला अंक आला. आठ तारखेला माझी मान्यता स्थगित झाली. इतक्या तत्परतेने त्या कार्यालयातून आजवर काही निघालं नव्हतं.

*

सुनावणी वीस नोव्हेंबरला, एका हॉटेलच्या सभागृहात झाली. समितीत पाच जण. अध्यक्ष रणदिवेसाहेब, निवृत्त सनदी अधिकारी. वायू पुरणाऱ्या कंपनीचे वकील एका बाजूला, यशोधन दुसऱ्या. मी कुठल्याच बाजूला नव्हते, म्हणून मला मध्ये बसवलं.

यशोधनने सर्वांसमोर पाचवी पट्टी परिचयमध्ये घातली. चार मिनिटांनी उत्तर आलं. सुलभाए, शहाण्णव टक्के. समितीचे चेहरे सैल झाले.

वकील उठले. "डॉक्टर नाचणकर, तुम्हीच छापलंय की तुम्ही अकराशे चाळीस वेळा चुकलात."

"हो."

"एवढं चुकलेल्या माणसावर समितीने आज का विश्वास ठेवावा?"

"ठेवू नये."

वकिलांच्या पुढच्या तीन प्रश्नांची तयारी वाया गेली होती.

"मी सूक्ष्मदर्शक आणलाय," मी म्हटलं. "दोन्ही विहिरींतला गाळ आणलाय. वळवून पाहा. पंधरा मिनिटं लागतील."

"समितीने?" रणदिवेसाहेब म्हणाले.

"तुम्हीच यायला हवं, साहेब. मी सांगितलेलं चालणार नाही, वकीलसाहेबांचं बरोबर आहे. यंत्राने सांगितलेलं माझंच आहे."

साहेब उठले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खडकाविषयी अनेक निर्णय घेतले होते, खडक पहिल्यांदाच पाहत होते. डोळा लावून म्हणाले, "काळ्या काळ्या रेघा दिसतायत. हे काटे का?"

"त्या तुमच्या पापण्या, साहेब. थोडं मागे या."

ते मागे आले. मी काडी त्यांच्या हातात दिली. पहिल्या दोन पुट्या त्यांनी थेंबाबाहेर उडवल्या. तिसरी वळली. ते लहान आवाजात म्हणाले, "दोन आहेत."

"आता दुसरी विहीर."

"एक." त्यांनी मान वर केली. "पुन्हा पाचवी द्या."

त्यानंतर समितीची रांग लागली. चौथ्या सदस्याला शेवटपर्यंत पापण्याच दिसल्या, पण त्यांनीही 'दोन' म्हटलं. मी ते मत मोजू नका असं नोंदवायला सांगितलं. वकील म्हणाले, हाताने केलेल्या तपासणीला नियमात स्थान नाही.

तेव्हा यशोधन उठला. आपल्याला कोणी विचारलं नसताना उठला.

"गेल्या आठवड्यात मी स्वतः चारशे वळवल्यात," तो म्हणाला. "परिचय चूक आहे. आणि ज्या फॉर्मवर मॅडमनी नावं दिली तो मी केलेला होता. त्यात माहीत नाही म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. हे मिनिट्समध्ये घ्या."

त्याचा उजवा डोळा लाल होता, आणि उजव्या पापणीत मधोमध फट होती.

*

आदेश सत्तावीस तारखेला आला. परिच्छेद तीन: पाचव्या विहिरीच्या परिसरात वायू भरण्यास मनाई, प्रकल्पाचा फेरविचार. परिच्छेद पाच: परिचयचे दोनशे दाखले फेरतपासणीसाठी खुले. परिच्छेद सहा: संचालकांकडून खुलासा मागवावा. परिच्छेद सात: डॉ. हर्षदा नाचणकर यांची मान्यता कायमची रद्द.

मी परिच्छेद तीन दोनदा वाचला, सात एकदाच. मग केबिनच्या दारावरची 'मान्य परीक्षक' ही पाटी स्क्रू काढून उतरवली. काम शिपायाचं होतं, पण त्याला ते करायला लावणं बरं दिसलं नसतं. मनगटाला बरं वाटत होतं.

तेरवाडकर सरांचा फोन आला. मला वाटलं अभिनंदन करतील, किंवा सांत्वन.

"तुझा निबंध वाचला," ते म्हणाले. "पान तीनवर व्यास अठ्ठेचाळीस ते एकसष्ट मायक्रॉन लिहिलायस. तक्त्यात चौसष्टची एक पुटी आहे. खरं कुठलं?"

मी वही उघडली. चौसष्टची पुटी होती. मी शेवटच्या दिवशी मोजली होती आणि वर्णनात आकडा बदलायचा राहिला होता. राहिला नव्हता, मी बदलला नव्हता.

"चौसष्ट, सर. माझी चूक."

"मग?"

"पाठवते."

शुद्धिपत्र अडीच ओळींचं झालं. फोन चालूच होता. सर पलीकडे थांबले होते, आणि मी पाठवल्याचं सांगेपर्यंत थांबले.